साडेचार टक्क्यांचं रडगाणं आणि न भरलेला फॉर्म

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. रेल्वेबद्दल त्यात नोंद होती की सुमारे १४ लाख कर्मचाऱ्यांपैकी मुस्लिम जेमतेम ६४ हजार, म्हणजे साडेचार टक्के, आणि त्यांतलेही ९८.७ टक्के खालच्या पदांवर. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक मेळाव्यात हा आकडा म्हटला जातो. वक्ता आकडा सांगतो, सभागृह उसासा टाकतं, दहावी-बारावीच्या मुलांना शाल आणि ट्रॉफी मिळते, फोटो निघतात, लोक घरी जातात. अहवाल आला त्या वर्षी जन्मलेली मुलं आज पदवीच्या वर्गात बसली आहेत, आणि त्यांनाही आपण तोच आकडा त्याच सुरात ऐकवतो आहोत.

मला त्या वक्त्यांना एकच विचारायचं आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या चार तालुक्यांतून आपल्या किती मुलामुलींनी रेल्वेच्या गेल्या भरतीचा फॉर्म भरला? किती जण परीक्षेला बसले? किती जण दुसऱ्या टप्प्यात गेले? हा आकडा कोणत्याही अंजुमनकडे नाही, कोणत्याही तंजीमकडे नाही, कोणत्याही नगरसेवकाकडे नाही. कारण तो कोणी मोजतच नाही. अन्यायाचा आकडा आपल्याला तोंडपाठ आहे, प्रयत्नाचा आकडा ठेवायला आपल्याकडे साधी वहीसुद्धा नाही.

सच्चर अहवालातच आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती मात्र स्टेजवरून कोणी सांगत नाही. २००३ आणि २००४ च्या नागरी सेवा परीक्षांचा हिशेब मांडून समितीने म्हटलं की परीक्षेला बसलेल्या मुस्लिम उमेदवारांच्या यशाचं प्रमाण इतरांइतकंच आहे. संख्या कमी दिसते ती मुळात बसणारेच कमी म्हणून. ते वीस वर्षांपूर्वीचं आणि कलेक्टर-कमिशनरच्या परीक्षेबद्दलचं निरीक्षण आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या रेल्वे नोकरीच्या प्रश्नाला ते जसंच्या तसं लागू पडतं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

रूळ दारातून जातात

बुलढाणा जिल्ह्याला रेल्वे नवी नाही. मुंबईहून नागपूरला जाणारी लाइन १८६७ मध्ये पूर्ण झाली आणि ती आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातून गेली. कापसासाठी १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, तो जेमतेम १३ किलोमीटरचा. आजही मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या मलकापूर, वडोदा, बिस्वा ब्रिज, नांदुरा, जलंब, शेगाव या स्टेशनांवरून रात्रंदिवस जातात. मोहल्ल्यातली घरं गाडीच्या आवाजाने थरथरतात. मुंबईला कामाला जायचं तर आपण त्याच गाडीच्या जनरल डब्यात उभे राहतो. त्या गाडीला सिग्नल देणाऱ्या खुर्चीवर आपल्या घरातलं कोणी बसू शकतं, हा विचार मात्र मनात येत नाही.

खामगाव-जालना लाइन व्हावी म्हणून आपल्या आजोबांच्या काळापासून निवेदनं दिली जात आहेत, आणि ती मागणी रास्तच आहे. चिखली, देऊळगाव राजाच्या लोकांना गाडी हवी. पण जी लाइन दीडशे वर्षांपासून आहे तिच्यावर आपण काय केलं, हेही विचारलं पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळ तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. ३१४ किलोमीटरचं हे काम आपल्या जिल्ह्यातून जाणार आहे. दोन मार्गांचे चार मार्ग झाले की सांधे वाढतात, सिग्नल वाढतात, स्टेशनांची यंत्रणा बदलते. जमीन मोजायला लोक येतील तेव्हा आपण मोबदल्याच्या रांगेत उभे राहू. कामाच्या रांगेत कोण उभं राहणार?

सिग्नलचं काम म्हणजे नेमकं काय

'रेल्वेत नोकरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीसी येतो, नाहीतर गँगमन. मधली सगळी यंत्रणा दिसत नाही. जुन्या काळी केबिनमध्ये उभा राहून लोखंडी दांडे ओढणारा माणूस असायचा. आज ते काम तीन-चार माणसांत वाटलेलं आहे, आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पहिला स्टेशन मास्तर. गाडी पुढच्या स्टेशनाकडे सोडायची तर तो आधी तिथल्या मास्तरकडून 'लाइन क्लिअर' घेतो. जिथे ऑटोमॅटिक सिग्नल नाहीत तिथे दोन स्टेशनांच्या मधल्या भागात एका मार्गावर एका वेळी एकच गाडी, हा सुरक्षिततेचा पाया. मास्तर पॅनेलवर बटण दाबतो, पण बटण दाबलं म्हणून सिग्नल हिरवा होत नाही. सांधा नीट बसला आहे, त्याला कुलूप लागलं आहे, रूळ रिकामा आहे, त्या मार्गातलं फाटक बंद आहे, हे यंत्रणेने तपासल्यावरच तो होतो. याला इंटरलॉकिंग म्हणतात. फाटक बंद केल्याचं गेटमन नुसतं तोंडी सांगत नाही, त्यासाठी खासगी क्रमांकांची देवाणघेवाण होते आणि तो क्रमांक लिहून ठेवला जातो. पावसाळ्याच्या रात्री सिग्नल बिघडला तर मास्तर लोको पायलटला लेखी परवाना देतो. तो कागद चुकला तर माणसं मरू शकतात.

दुसरा सांधेवाला, म्हणजे पॉइंट्समन. यंत्रणा बिघडली की रुळावर उतरून सांधा हाताने बसवणारा आणि त्याला क्लॅम्प आणि कुलूप लावणारा तोच. तिसरा सिग्नलचा टेक्निशियन. सांध्याची मोटर, ट्रॅक सर्किट, अॅक्सल काउंटर, रिले, केबल हे सगळं त्याच्या हातात. मास्तरला लेखी मेमो देऊन यंत्रणा तोडल्याशिवाय त्याने तिला हात लावायचा नाही आणि काम झाल्यावर तपासणी केल्याशिवाय ती पुन्हा जोडायची नाही. त्याच्या वर ज्युनिअर इंजिनिअर आणि सिनिअर सेक्शन इंजिनिअर.

आता रस्ते बघा. स्टेशन मास्तरसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.ए. उर्दू असलात तरी चालते. मूळ पगार ३५,४०० रुपये, वर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नलसाठी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, आयटी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन यांतली बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो, मूळ पगार २९,२००. ग्रेड-३ साठी दहावी आणि इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अशा ट्रेडचा आयटीआय. पॉइंट्समन आणि सिग्नल विभागातला असिस्टंट ही लेव्हल-१ ची पदं, मूळ पगार १८,०००, दहावी किंवा आयटीआयवर. २०२४ च्या लेव्हल-१ जाहिरातीत एकूण ३२,४३८ जागा होत्या आणि त्यांत पॉइंट्समनच्याच पाच हजारांवर.

आपल्या मोहल्ल्यात आयटीआय केलेली किती मुलं घरगुती वायरिंग करतात, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसतात, किंवा आखातात जायला एजंटच्या मागे फिरतात? या प्रत्येक कामाला इज्जत आहे. पण तोच हात सांध्याची मोटरही दुरुस्त करू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि मध्य रेल्वेचं झोनल प्रशिक्षण केंद्र कुठे आहे? भुसावळला. मलकापूरहून गाडीने तासाभराच्या अंतरावर.

'आपल्याला कोण घेणार?'

चहाच्या टपरीवर हे वाक्य ऐकलं नाही असा आपल्यात कोणी नसेल. 'आपल्याला कोण घेणार? नाव बघितलं की बाजूला टाकतात.'

भेदभाव होतो. भाड्याने घर मागायला गेलेल्या माणसाला मी हे समजावून सांगायला जाणार नाही, त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. खासगी कंपनीच्या मुलाखतीत होतो, बदलीत होतो, बढतीतही होत असेल. पण रेल्वे भरतीच्या बाबतीत हे वाक्य म्हणणाऱ्याला मी विचारतो, घेण्याच्या कोणत्या टप्प्यावर तुझं नाव बघितलं जातं ते दाखव. केंद्र सरकारच्या खालच्या गटांतल्या पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद झाली आहे. परीक्षा कॉम्प्युटरवर होते. स्टेशन मास्तरसाठी पहिला टप्पा १०० प्रश्नांचा, ९० मिनिटांचा: सामान्यज्ञान ४०, गणित ३०, तर्क ३०. दुसरा १२० प्रश्नांचा, वेळ तेवढाच. चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापले जातात. त्यानंतर कॉम्प्युटरवरच अभियोग्यता चाचणी, मग कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी. पर्याय 'ब' वर क्लिक करणारं बोट कोणाचं आहे, हे कॉम्प्युटर बघत नाही.

आणखी एक गोष्ट. ही परीक्षा मराठीत देता येते आणि उर्दूतही देता येते. फॉर्मची फी खुल्या वर्गाला ५०० रुपये, अल्पसंख्याकांना २५०. पहिल्या परीक्षेला हजर राहिलात तर बँकेचे शुल्क वजा करून ते २५० रुपये परत खात्यात येतात. ज्या सरकारी जाहिरातीत 'अल्पसंख्याक' हा शब्द सवलतीच्या रकान्यात छापलेला आहे, तिच्याबद्दल आपण न वाचताच बोलतो की तिथे आपल्याला जागा नाही.

भेदभाव करणाऱ्याला याहून सोपं काम काय हवं? त्याने दार लावायची गरजच नाही, आपण दारापर्यंत जातच नाही.

स्पर्धा मोठी आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. २०२४ च्या एनटीपीसी भरतीत पदवी आणि बारावी अशा दोन्ही स्तरांच्या मिळून ११,५५८ जागांसाठी १ कोटी २१ लाखांवर अर्ज आले. पण या गर्दीत बिहारचा मजुराचा मुलगा आहे, मराठवाड्यातला शेतकऱ्याचा मुलगा आहे. तोही गरीब आहे, त्याच्याही घरी कोणी साहेब नाही. तो भाड्याच्या खोलीत चौघांत राहून दोन-तीन वर्षं अभ्यास करतो. आपण एकदा फॉर्म भरतो, महिनाभर पुस्तक चाळतो, नापास होतो आणि टपरीवर येऊन नावाचा विषय काढतो.

बालासोरची अफवा आणि तिचं उत्तर

२ जून २०२३ ला ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून जास्त माणसं गेली. प्रेतं अजून ओळखायची होती, तोच समाजमाध्यमांवर दोन गोष्टी फिरू लागल्या. एक, रुळाजवळ मशीद आहे. दोन, स्टेशन मास्तरचं नाव शरीफ आहे आणि तो फरार आहे. दोन्ही खोट्या निघाल्या. मशीद म्हणून दाखवलेली इमारत मंदिर होती, आणि शरीफ नावाचा कोणी मास्तर तिथे नव्हताच. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाईचा इशारा ओडिशा पोलिसांना द्यावा लागला.

त्या आठवड्यात आपल्यातल्या कित्येक आयांनी मुलांना सांगितलं असेल, नको रे बाबा असली नोकरी, काही झालं तर तुझंच नाव येईल. त्या भीतीची मी थट्टा करणार नाही. पण पुढे काय झालं तेही पाहा. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नल विभागातल्या चुकीच्या वायरिंगचं आणि अनेक पातळ्यांवर झालेल्या हलगर्जीपणाचं. सीबीआयने सिग्नल विभागातल्या तिघांना अटक केली, त्यांत दोन नावं हिंदू होती आणि एक मुस्लिम. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण चौकशीचा विषय केबल, रिले आणि न केलेली तपासणी हा होता, धर्म नव्हता. अफवेला उत्तर मिळालं ते चौकशीच्या कागदांतून, आणि ते कागद लिहायला सिग्नल समजणारी माणसं लागली.

त्या मूठभर अफवाखोरांना नेमकं हेच हवं आहे की 'शरीफ' नावाचा माणूस पॅनेलसमोर बसूच नये. त्यांच्या भीतीने आपण फॉर्म भरायचा सोडला तर त्यांचं काम आपणच फुकटात करून दिलं. आणि जो बसेल त्याने हे मनात पक्कं ठरवून बसावं की माझं रजिस्टर, माझा मेमो, माझी सही इतकी स्वच्छ असेल की उद्या कोणी बोट दाखवलं तर मी वही उघडून दाखवीन. हे काम कोणावर उपकार करत नाही आणि कोणाला माफही करत नाही. शिस्तीची इतकी सक्ती असलेली जागा आपल्यासारख्यांसाठी खरं तर सर्वांत सुरक्षित.

खरे अडथळे

मी वर जे म्हटलं त्याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा नाही. अडथळे आहेत. ते मेळाव्यात कोणी बोलत नाही, कारण त्यांत टाळ्या नाहीत.

पहिला अडथळा आपलं नाव. विदर्भात आपल्याकडे नाव लिहायची पद्धत शेख अमुक शेख तमुक. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरं. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे 'मो.', कुठे आडनाव पुढे, कुठे मागे. रेल्वे भरतीत आधारने ओळख पटवली जाते, आणि नाव व जन्मतारीख दहावीच्या सनदेशी तंतोतंत जुळावी असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. वर्षभर अभ्यास केलेला पोरगा कागद तपासणीच्या टेबलावर अडकतो, आणि घरी येऊन सांगतो की मुसलमान म्हणून अडवलं. अडवलं ते एका अक्षराने, आणि ते अक्षर दुरुस्त करायला आपल्याकडे तीन वर्षं होती.

दुसरा अडथळा दाखल्यांचा. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत असलेली प्रत्येक मुस्लिम बिरादरी केंद्राच्या यादीत त्याच नावाने असेलच असं नाही. ती आधी तपासा. असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा, आणि नॉन-क्रीमी लेअर चालू मुदतीतलं हवं. राज्याचा दाखला रेल्वेत चालत नाही. ज्यांची बिरादरी कोणत्याच यादीत नाही, त्यांच्यासाठी आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, शेती पाच एकरांच्या आत, अशा त्याच्या अटी आहेत. हे आरक्षण मुस्लिमांना लागू आहे. आपल्याकडे कित्येकांना अजूनही वाटतं की ते फक्त 'त्यांचं' आहे.

तिसरा अडथळा गणित. आपल्या शाळांत, उर्दू माध्यमाच्या असोत की मराठी, सातवी-आठवीत गणित सुटतं ते कायमचं. टक्केवारी, काळ-काम-वेग, सरासरी, नफा-तोटा एवढंच येतं परीक्षेत. पण ते ९० मिनिटांत शंभर प्रश्नांच्या वेगाने यावं लागतं. सालाना जलशाला हजारो रुपये खर्च करणाऱ्या संस्थांनी त्यातल्या निम्म्या पैशांत गणिताचा एक चांगला मास्तर वर्षभर ठेवावा.

चौथा अडथळा डोळे. स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समनसाठी चष्म्याशिवाय ६/९ नजर लागते आणि रंग ओळखता यावे लागतात. लाल आणि हिरवा वेगळा न दिसणाऱ्या माणसाला ते काम देता येत नाही, यात अन्याय काही नाही. पण हे परीक्षा पास झाल्यावर कळलं तर दोन वर्षं पाण्यात. फॉर्म भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चष्मा असेल तर टेक्निशियन सिग्नलकडे वळा, तिथे चष्म्याची अडचण नाही.

पाचवा अडथळा एजंट. 'साहेबांशी ओळख आहे, सेटिंग आहे' म्हणत लाखांचा आकडा सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे, आणि दुर्दैवाने तो बहुतेक वेळा आपल्याच ओळखीतला असतो. जिथे मुलाखत नाही तिथे सेटिंग कसलं? शेत विकून, अम्मीचे दागिने गहाण ठेवून त्याला पैसे देणारे बाप मुलाच्या कोचिंगला हजार रुपये द्यायला मात्र कचरतात.

आणि मुली. आपल्या मुली मुलांपेक्षा जास्त शिकत आहेत, हे कोणत्याही कॉलेजच्या यादीत दिसतं. बी.ए., बी.एस्सी. झाल्यावर त्यांच्यापुढे आपण दोनच गोष्टी ठेवतो: डी.एड. किंवा रिश्ता. मुंबईत माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला चालवतात, तेही मध्य रेल्वेचंच स्टेशन आहे. परीक्षेचं केंद्र नागपूर, पुणे, कधी दुसऱ्या राज्यातही येतं. मुलाला पाठवता तसं मुलीसोबत बापाने जावं. लग्नाच्या खरेदीला हैदराबादला जाणारं कुटुंब परीक्षेसाठी पुण्याला जाऊ शकतं.

कोणी म्हणेल, पाळीत जुम्म्याची नमाज कशी होणार, रोज्यात रात्रपाळी कशी करायची? प्रश्न योग्य आहे. पाळ्या आठ तासांच्या असतात, काही छोट्या स्टेशनांवर बारा तासांच्याही. पॅनेल सोडून उठता येत नाही, हे आधीच समजून घ्या. पण आपल्या बहिणी दवाखान्यांत नर्स आहेत, आपले भाऊ एसटी चालवतात, तेही पाळी बदलून, सोबत्याशी समजून घेऊन आणि आलिमांना विचारून रस्ता काढतातच. जे हजारो मुस्लिम आज रेल्वेत आहेत त्यांनीही काढला आहे. त्यांना मोहल्ल्यात बोलवा, मुलांसमोर बसवा. आमदारापेक्षा त्यांचं भाषण जास्त उपयोगाचं होईल.

सरकारलाही सोडायचं नाही

समाजाला बोललो म्हणून सरकार सुटत नाही. २०१९ च्या सुरुवातीला निघालेल्या एनटीपीसी भरतीची पहिली परीक्षा डिसेंबर २०२० च्या अखेरीस सुरू झाली, आणि निकालावरून जानेवारी २०२२ मध्ये बिहार-उत्तर प्रदेशात मुलं रुळांवर उतरली. सप्टेंबर २०२४ च्या जाहिरातीची पहिली परीक्षा जून २०२५ मध्ये झाली. गरीब घरातल्या मुलाला अशी वाट बघणं परवडत नाही, तो मधेच ऑटो चालवायला लागतो. शिवाय जागा बघा. स्टेशन मास्तरच्या २०२४ मध्ये ९९४ होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ६१५. टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नलच्या २०२४ च्या मूळ जाहिरातीत १,०९२, पुढच्या वर्षी १८३. मार्ग दुप्पट करायचे, 'कवच' बसवायचं, आणि ते सांभाळणारी माणसं कमी करायची, याचा जाब सर्वच धर्मांच्या मुलांनी एकत्र विचारला पाहिजे. बालासोरनंतर तर नक्कीच.

२००६ च्या पंतप्रधानांच्या पंधरा कलमी कार्यक्रमात लिहिलेलं होतं की रेल्वे, बँका, सार्वजनिक उद्योग यांच्या भरतीत अल्पसंख्याकांचा विशेष विचार व्हावा आणि त्यांना तयारीसाठी मदत मिळावी. ते कागदावर राहिलं. राज्यात बार्टीने अनुसूचित जातींच्या मुलांसाठी बँक, रेल्वे, एलआयसीच्या परीक्षांचे मोफत वर्ग चालवले, त्यातून मुलं लागली. तो मार्ग दलित चळवळीने लढून मिळवला, त्यापासून शिकावं. आपल्यासाठी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'मार्टी', म्हणजे अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, मंजूर केली. आता मागणी नेमकी करू या. बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूर किंवा खामगावला, रेल्वे भरतीचा निवासी वर्ग हवा, मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांत, मुलींसाठी स्वतंत्र सोयीसह. पालकमंत्र्यांना पुढचं निवेदन या एका ओळीचं द्या. दहा मागण्यांच्या निवेदनाला दहा आश्वासनं मिळतात, काम एकही होत नाही.

आणि मागणी मान्य होईपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक खोली रात्री अकरापर्यंत उघडी ठेवता येते. मदरशाची असो, शादीखान्याची असो, नगरपालिकेच्या वाचनालयाची असो. तिथे एक वही ठेवा. तीत लिहा: कोणी फॉर्म भरला, कोण परीक्षेला बसलं, किती गुण पडले, पुढच्या वेळी कुठे कमी पडू नये. तीन वर्षांनी ती वही घेऊन आपण कोणाहीसमोर उभे राहू शकू. तेव्हाही भेदभाव दिसला तर तो आपल्याला नावानिशी, तारखेनिशी आणि गुणांनिशी दाखवता येईल, आणि न्यायालयात टिकेल असा दाखवता येईल. आज आपल्याकडे आहे तो फक्त वीस वर्षांपूर्वीचा दुसऱ्याने मोजलेला आकडा.

पुढच्या मेळाव्यात कोणी साडेचार टक्के म्हणायला उभं राहिलं तर तरुणांनी हात वर करून विचारावं, साहेब, आपल्या तालुक्याची वही कुठे आहे?

आणि तुम्ही हे वाचत असाल आणि वय अठरा ते तेहतीसच्या आत असेल, तर आज रात्री एवढंच करा. दहावीची सनद आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा. नावातलं प्रत्येक अक्षर आणि जन्मतारीख जुळते का बघा. जुळत नसेल तर उद्या सकाळी आधार केंद्रावर जा.